गयेला काय सोडायचं

"हे काय सोडण्यासारखं न्हाई," जालिंदरकाका म्हणाले आणि अर्ध्याहून जास्त उरलेली लिट्टी त्यांनी द्रोणात ठेवून दिली.

लिट्टीवाल्यानं वर बघितलं. आमचं मराठी त्याला कळत नव्हतं, पण द्रोणातली लिट्टी दिसत होती. "अच्छा नहीं लगा, बाबूजी?"

"अच्छा हाय, अच्छा हाय. थोडा तिखा हाय."

माझी लिट्टी केव्हाच संपली होती. भाजक्या हरभऱ्याचं पीठ भरलेला कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेला आणि तुपात बुडवलेला. सोबत वांगं आणि बटाटा भाजून केलेलं भरीत, त्याला तिथं चोखा म्हणतात. त्यात तिखट म्हणावं असं काही नव्हतं. पण काकांना प्रत्येक पदार्थाला काहीतरी नाव ठेवायचंच होतं, असं मी धरून चालले होते. सकाळपासून हा त्यांचा चौथा की पाचवा पदार्थ होता.

"काका, संग्रहालय राहिलं. गोलघर राहिलं. कुम्हरार तरी बघू द्या मला," मी म्हणाले. "आपण पाटण्यात नक्की काय करतोय?"

"सोडायला काहीतरी बघतोय की."

"अहो, तिला चिडवू नका," काकी म्हणाली. तिनं ती उरलेली लिट्टी उचलली आणि स्वतः खाऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला गयेला जायचं होतं. आजोबा-आजीचं पिंडदान करायचं काकांच्या मनात बरीच वर्षं होतं. माझे वडील धाकटे, त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून काका, काकी आणि तिकिटं काढायला, हिंदी बोलायला मी, असे तिघं विट्याहून निघालो होतो. गयेला पिंडदान झालं की शेवटी अक्षयवटाखाली उभं राहून आवडीची एक वस्तू सोडायची असते. सोडली की जन्मभर तोंडाला लावायची नाही. आमच्या गल्लीतून जे कोणी जाऊन आले होते त्यांनी काय सोडलं हे सगळ्यांना पाठ होतं, कारण पुढं लग्नाकार्यात पंगतीला बसले की ते तेच सांगायचे. शेजारच्या ताराक्कांनी कारलं सोडलं होतं. ते त्या आधीही खात नव्हत्या. सुतारांच्या बापूंनी फणस सोडला होता. विट्यात फणस बघायलाही मिळत नाही. हे देवाला कसं चालतं, असं मी लहानपणी काकांना विचारलं होतं.

"देवाला भाजीपाल्यातलं काय कळतंय," ते म्हणाले होते.

आता स्वतःची पाळी आल्यावर त्यांनी बापूंच्याही पुढची युक्ती काढली होती. गयेच्या आधी एक दिवस पाटण्यात काढायचा, तिथलं सगळं चाखायचं आणि जे आवडेल ते दुसऱ्या दिवशी सोडून मोकळं व्हायचं. "आवडीचं पण झालं आणि परत कधी ताटात येणार पण न्हाई. हितं परत कोण येतंय?"

माझी आणि काकीची युक्ती वेगळी होती. काका एस.टी.त कंट्रोलर होते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना घासून केलेला मावा गालात धरून त्यांनी नोकरीभर गाड्या लागल्याच्या घोषणा केल्या. निवृत्त झाल्यावर घोषणा थांबल्या, मावा राहिला. विट्याच्या डॉक्टरांनी बजावलं, तेव्हापासून काकांनी त्या डॉक्टरांकडं जाणं बंद केलं. निघायच्या आधी काकीनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं होतं.

"डॉक्टरचं ऐकत न्हाईत. माझं तर न्हाईतच. पण देवापुढं शब्द दिला की मोडत न्हाईत. तुळजापूरला पत्ते सोडले, ते आजवर हातात धरले न्हाईत. गयेला मावा सोडवायचा. तुझ्या शिक्षणाचा तेवढा तरी उपयोग कर."

माझं शिक्षण म्हणजे कोल्हापूरला नुकतंच संपलेलं सूक्ष्मजीवशास्त्रातलं एम.एस्सी. नोकरी अजून लागायची होती. प्रबंधासाठी मी एका दंत रुग्णालयात वर्षभर रुग्णांच्या लाळेचे नमुने गोळा केले होते. तंबाखू-सुपारीनं तोंडाचं काय होतं ते मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, रोज बघितलेलं होतं. म्हणून मी काकीला हो म्हणाले. आणि खरं सांगायचं तर पाटण्याचं, म्हणजे पाटलीपुत्राचं मला स्वतःचंही आकर्षण होतं. मौर्यांच्या कारागिरांनी वालुकाश्माला काचेसारखी चकाकी कशी आणली, याचं मी वाचलेलं एकही स्पष्टीकरण मला पटलेलं नव्हतं. तो दगड मला जवळून बघायचा होता.

कुम्हरारला, म्हणजे मौर्यांच्या राजवाड्याच्या जागी पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. तिकीट काढून आत गेलो तर समोर बाग. हिरवळ, बाकडी, बाकड्यांवर जोडपी, एका कोपऱ्यात बॅडमिंटन खेळणारी मुलं. ऐंशी खांबांचा दरबार इथं कुठं आहे, असं मी पहारेकऱ्याला विचारलं.

"नीचे है," तो म्हणाला आणि त्यानं हिरवळीकडं बोट केलं.

"नीचे म्हणजे?"

"मिट्टी के नीचे. खुदाई हुई थी. फिर पानी चढ़ने लगा, तो ढँक दिया."

एका छपराखाली खांबाचा एक तुकडा तेवढा आडवा ठेवलेला होता. मी कठड्यावरून जमेल तेवढी वाकले. चकाकी होती, पण माझ्यापासून इतकी लांब की ती दगडाची आहे की उन्हाची, ते सांगता येईना. एवढ्या लांबून आले होते मी. मला रडायला येईल असं वाटलं आणि त्याचाच जास्त राग आला.

"म्हंजी दरबार हाय, पण बघायचा न्हाई," काका म्हणाले.

"हो."

"मग सकाळधरनं तू कशाला घाई करत होतीस? तो कुठं पळून चाललाय?"

पहारेकरी हसला. त्याला नुसता सूर कळला असावा. त्यानं खिशातून डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि अंगठ्यानं मळायला लागला. काकांनी आपली माव्याची पुडी काढली. मग दोघांनी आपापलं एकमेकांना देऊ केलं. दिवसभरात काकांनी एखादी गोष्ट अर्धी टाकून न देता पूर्ण घेतली असेल तर ती पहारेकऱ्याची खैनी.

"काका, तुम्ही उद्या मावा सोडणार आहात," मी म्हणाले. आडवळणानं पटवायचं असं ठरलं होतं, पण आता माझ्याच्यानं धीर धरवेना.

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणतेय. तुम्हाला आवडणारी वस्तू ती एकच आहे. बाकी कशालाही तुम्ही धड तोंड लावत नाही."

"ती सोडायची वस्तू न्हाई. ती औषध हाय. पोट साफ राहतं."

"मी वर्षभर अशी तोंडं बघितलीत, काका. गालात पांढरे चट्टे पडतात. माणसाला कळतसुद्धा नाही. मग एक दिवस..."

"रेश्मे," काका म्हणाले, "आईबापाचं पिंड द्यायला आलोय मी. माझं नंतर दे की."

काकी हिरवळीवर बसली होती. तिनं पिशवीतून घरून आणलेली दशमी काढली, बाहेरच्या टपरीवरून चहा मागवला आणि दशमीचे बारीक तुकडे करून ते चहात बुडवून ठेवले. ते पुरते मऊ झाल्यावर तिनं पेला काकांपुढं सरकवला. काकांनी चमच्यानं ते सगळं खाल्लं. मला वाटलं, कमाल आहे या बाईची. दिवसभर हा माणूस दुसऱ्यांचं अन्न उष्टं करून टाकतोय आणि ही त्याला लहान मुलासारखं भरवतेय.

"तूच लाडावून ठेवलंयस त्यांना," मी तिला म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर रिक्षावाल्यानं आम्हाला मिठाईच्या दुकानाशी उतरवलं. तिथं खाजा बघून मी जरा शांत झाले. पापुद्र्यावर पापुद्रा असलेली ती खुसखुशीत गोष्ट कशी लाटत असतील, याचा मी विचार करत होते. काकांनी खाज्याचं एक टोक तोडलं, ओठात धरलं, चघळलं आणि बाकीचा काकीच्या हातात दिला.

"टोचतंय," ते म्हणाले.

"खाजा टोचतोय?"

"पापुद्रं टोचत्यात गं टाळूला."

काकी तोवर अनारशापाशी थांबली होती. तिथला अनारसा फुगीर, गोल, आत खवा घातलेला. तिनं एक चाखला आणि दुकानदाराला मराठीतच सांगितलं, की याला जाळी पडलेली नाही, हा अनारसा नव्हे. दुकानदार म्हणाला, "जी माताजी," आणि तिला आणखी एक दिला. मी पहिल्यांदा हसले. काकांनी अनारसा मात्र सगळा खाल्ला, कारण तो मऊ होता. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, चला, एकदाचं काहीतरी आवडलं, आता उद्या हेच सोडतील आणि घरी दिवाळीला काकीनं केलेला जाळीदार अनारसा हा वेगळा पदार्थ आहे म्हणून खातील.

"मग? अनारसा सोडायचा?" मी विचारलं.

"ह्यो गोड हाय. तिखटातलं एखादं बघू."

आम्ही गंगेच्या घाटावर गेलो. नदी रुंद आणि मळकट, पलीकडचा काठ धुरकट. घाटाच्या वरच्या अंगाला गोलगप्पेवाला उभा होता. आपल्याकडं पाणीपुरी म्हणतो तीच, फक्त पुरी मोठी आणि आतला बटाटा हरभऱ्याशी कुस्करलेला. आम्ही तिघांनी द्रोण हातात घेतले. त्यानं पहिली पुरी फोडून, भरून, पाण्यात बुडवून काकांच्या द्रोणात ठेवली.

काकांनी ती उचलली, ओठांपाशी नेली आणि थांबले. मग अंगठ्यानं दाबून पुरीचा चुरा केला आणि तो बोटांनी आत सारायला लागले. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

गोलगप्पेवाला हसायला लागला. "ऐसे नहीं, बाबूजी. पूरा एक साथ. मुँह खोलिए." त्यानं स्वतःचा जबडा पसरून दाखवला. "और खोलिए. पूरा खोलिए."

"उघडलंय की," काका म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी खरंच उघडलं होतं. मान ताणलेली, गालाच्या शिरा ताठ झालेल्या, आणि वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढी फट.

सुपारीनं गालाच्या आतलं कातडं हळूहळू आवळत जातं. रबरासारखं असतं ते चामड्यासारखं होतं. आधी तिखट सोसत नाही, आग होते. मग टणक पदार्थ टोचतात. मग घास लहान करावा लागतो. मग आणखी लहान. रुग्णालयात असा माणूस आला की डॉक्टर त्याला स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगत. ती गेली तर ठीक. या दुखण्याचं एवढ्यावर भागलं तरी नशीब, कारण त्यातल्या काहींचं पुढं कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. हे सगळं मी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं आणि सकाळपासून या माणसाशेजारी बसून जेवत होते.

काका पाटण्यात काही निवडत नव्हते. त्यांना खाताच येत नव्हतं.

"तिखा हाय," काका गोलगप्पेवाल्याला सांगत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बहुत तिखा."

सकाळी गयेच्या पॅसेंजरमध्ये बसल्या बसल्या मी विषय काढला. समोरच्या बाकावर दोन बायका वाटाणे सोलत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, ते बरं होतं.

"काका, तीन बोटं अशी उभी धरून तोंडात घालून दाखवा."

"कशाला?"

"मला बघायचंय."

"मी काय बाजारातला घोडा हाय का, दात बघायला?"

"कोल्हापूरला जमादार मॅडम आहेत, मी त्यांच्याकडंच काम केलंय. घरी जायच्या आधी एकदा दाखवून जाऊ. नुसतं दाखवायचं."

"दात दुखत्यात माझं. म्हातारपण हाय. त्यात काय दाखवायचं?"

"दात नाही, काका. तोंड उघडत नाहीये तुमचं. तुम्हाला माहीत आहे ते."

काकांनी खिशातून पुडी काढली, चिमूट घेतली आणि माझ्याकडं बघत बघत गालात ठेवली. चिमूट जायला जागा लागत नाही. मग थुंकायला ते दाराकडं गेले.

"काकी, तू बोल ना काहीतरी," मी म्हणाले. "तुला दिसत नाही?"

काकी खिडकीबाहेर मोहरीची शेतं बघत होती. "फुलं कशी पिवळीधमक हायत बघ," ती म्हणाली.

तिच्यावरचा माझा संताप काकांवरच्या संतापापेक्षाही मोठा होता. मावा सोडवायचा म्हणून मला एवढ्या लांब घेऊन आलेली ही बाई, आणि प्रत्यक्ष वेळ आल्यावर फुलं दाखवते.

माझी शेवटची आशा पंड्यांवर होती. गयेला आमच्या भागातल्या लोकांचे पंडे ठरलेले आहेत आणि पिढ्यान् पिढ्या यजमानांशी बोलून त्यांना कामापुरतं मराठी येतं. फल्गूच्या वाळूत पिंड झाले, विष्णुपदावर झाले. काका सगळं मन लावून करत होते. आईचं नाव घेताना त्यांचा आवाज बसला. मधे ते हात धुवायला गेले तेव्हा मी पंड्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की यांना अक्षयवटाखाली तंबाखू सोडायला सांगा. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

"तंबाखू?" पंडे म्हणाले. त्यांच्या खालच्या ओठाखाली खैनीचा फुगवटा होता. "तंबाखूला शास्त्रात आधार नाही, बेटी. फळ सोडा, भाजी सोडा. तंबाखूचं मला कसं सांगता येईल?"

पुढं मी हे काकांना सांगितलं, आणि ते आजही हा प्रसंग सांगताना ओठ फुगवून पंड्यांची हुबेहूब नक्कल करतात. त्या दिवशी मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

अक्षयवट म्हणजे पायऱ्या चढून गेल्यावर एक मोठं जुनं वडाचं झाड, बुंध्याला लाल-पिवळे दोरे गुंडाळलेले. आम्ही तिघं त्याच्याखाली उभे राहिलो. पंड्यांनी काकांच्या ओंजळीत पाणी घातलं.

"बोला, यजमान. आवडीची वस्तू. जन्मभर सोडली म्हणायचं."

मी काकांकडं बघत होते. ते डोळे मिटून उभे होते. क्षणभर मला खरंच वाटलं, की सकाळचं बोलणं कुठंतरी लागलं असेल, आईचं नाव घेताना बसलेला आवाज काहीतरी करून जाईल.

"तिखट," काका म्हणाले.

"काय?"

"तिखट सोडलं. मिरची, ठेचा, चटणी, कट, समदं. आजपासून तिखट वर्ज्य."

पंडे खूश झाले. विटा-सांगलीकडच्या माणसानं तिखट सोडलं, असं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. त्यांनी शेजारच्या पंड्यालाही सांगितलं. काकांनी ओंजळ सोडली आणि ओल्या हातानंच फोन काढून विट्याला आप्पांना लावला. आप्पांचा मिसळीचा गाडा. काका तिथं तीस वर्षं वरून कट मागून घ्यायचे; अलीकडं प्लेट घरी बांधून न्यायचे.

"आप्पा, माझी प्लेट बंद कर आता. तिखट सोडलं गयेला. व्हय, समदं. जन्मभर. न्हाई न्हाई, चेष्टा न्हाई. अरे, आईबापासाठी माणसानं एवढं करायला नको?"

पलीकडून आप्पांचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. ते भारावून गेले होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या विट्याला कळणार होतं. ताराक्कांचं कारलं आणि बापूंचा फणस यांच्यापुढं काहीच नव्हतं.

आता काकांना तिखट का चालत नाही, असं जगात कोणी विचारणार नव्हतं. लग्नाच्या पंगतीत भाजी बाजूला सारली, मिसळीच्या गाड्याकडं पाठ फिरवली, मिरचीच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं, तरी लोक म्हणणार, केवढा निग्रह. दुखणं लपवायला गल्लीतल्या एकाही माणसाला इतकी पक्की जागा सापडली नसती. आणि हे सगळं देवासमोर, पाणी सोडून.

"काका, हे खोटं आहे," मी म्हणाले.

"देवाच्या दारात असं बोलू नये," पंडे म्हणाले आणि काकीकडं वळले. "माताजी, ओंजळ करा. तुम्हीपण सोडा. काय आवडतं तुम्हाला?"

काकीनं ओंजळ पुढं केली. पदर डोक्यावर नीट घेतलेला होता. पंड्यांनी पाणी घातलं.

"आवडीचंच सोडायचं ना?"

"आवडीचंच."

"मग मी ह्यांच्यासाठी वेगळं शिजवणं सोडलं," काकी म्हणाली.

पंड्यांना ते समजलं नाही. "काय सोडलं? कुठली भाजी?"

"भाजी न्हाई. ह्यांची आमटी मी वेगळी करते, बिनतिखटाची. भात गाळ शिजवते. भाकरी दुधात भिजवून कुस्करते. डाळिंबाचे दाणे काढून रस करते. घरात कुणाला कळू नये म्हणून समद्यांच्या आधी ह्यांना वाढते. मला ते करायला आवडतं, म्हणून ते सोडते. आजपासून एक पातेलं. समद्यांना व्हईल तेच ह्यांना."

"अगं, गप," काका म्हणाले.

"गप बसून झालं माझं."

"माताजी, फळ सोडा एखादं," पंडे चाचरत म्हणाले. "हे असं कोणी..."

"देवाला भाजीपाल्यातलं कळत नसंल," काकी म्हणाली, "बाईनं काय सोडलं ते कळंल." आणि तिनं ओंजळ वडाच्या मुळाशी मोकळी केली.

आम्ही पायऱ्या उतरलो. खाली गल्लीत यात्रेकरूंची खानावळ होती, तिथं आम्ही जेवायला बसलो. पुऱ्या, बटाट्याची रस्साभाजी, कोबी, भात, पापड. काकांचा हात सवयीनं ताटाकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. ते काकीची वाट बघत होते. एरवी तिनं पुरी घेऊन तिचे तुकडे केले असते, भाजीतला बटाटा धुवून काढला असता, भात मऊ मळून दिला असता. मी दोन दिवस ते बघत होते आणि लाड समजत होते.

काकीनं स्वतःच्या पुरीचा तुकडा तोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. तिची नजर ताटातच होती.

काकांनी पुरी उचलून बघितली. ठेवली. भाजीचा रस्सा बोटावर घेऊन चाखला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. भाताची चार शितं खाल्ली. वाढपी येऊन म्हणाला, "बाबूजी, कुछ लिए नहीं?" त्यांनी नुसतं डोकं हलवलं. काकीनं दुसरी पुरी घेतली. प्रत्येक घासाला ती पाणी पीत होती. पण ती जेवत राहिली.

मी काही बोलणार होते. काकीनं टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

खूप वेळानं काकांनी ताट पुढं सरकवलं. "रेश्मे, ती तुझी मॅडम," ते म्हणाले. "नंबर लावावा लागतो का तिच्याकडं?"

"लावावा लागतो."

"मग लाव की."

मी तिथंच फोन लावला. जमादार मॅडमना थोडक्यात सांगितलं. त्यांची सवय मला माहीत होती, पेशंटबद्दल दुसऱ्या कोणाकडून ऐकून घ्यायला त्यांना आवडत नसे. "त्यांनाच दे फोन," त्या म्हणाल्या.

काकांनी फोन कानाला न लावता तोंडासमोर धरला, डेपोत माईक धरायचे तसा. मी स्पीकर चालू करून दिला.

"नमस्कार. काय होतंय तुम्हाला?"

काकांनी एकदा आजूबाजूला बघितलं. शेजारच्या टेबलावर नागपूरकडचं एक कुटुंब जेवत होतं, त्यांना सगळं कळणार होतं.

"तोंड उघडत न्हाई," काका म्हणाले.

"बरं. कधीपासून?"

"ह्या दिवाळीपासनं."

"त्याच्या आदल्या," काकी ताटातून मान वर न करता म्हणाली.

"काय म्हणालात? आवाज तुटतोय. कधीपासून?"

काकांनी काकीकडं बघितलं. मग फोन जवळ घेतला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "त्याच्या आदल्या दिवाळीपासनं."